रोज सोलकढी पिऊनही मामाला स्कर्व्ही कसा झाला?

कुळागरवाली
नमस्कार. इतके दिवस वाचनमात्र होते, आज मनातली घालमेल मांडायची म्हणून लिहायला बसले.

माझा मामा ७१ वर्षांचा, डिचोली तालुक्यात घरी एकटाच राहतो. मामी दीड वर्षापूर्वी गेली. मुलं बाहेरगावी. सकाळी पोदेराचा पाव आणि चहा, दुपारी उकड्या तांदळाची पेज, सोबत खाऱ्या बांगड्याचा तुकडा नाहीतर बिंबलांचं लोणचं, रात्री भात आणि सोलकढी. भाजी चिरायचा कंटाळा, फळं दातांना लागतात म्हणून बंद. आम्ही विचारलं की "जेवलो मगो" एवढंच सांगायचा.

उन्हाळ्यात हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दातांच्या डॉक्टरांनी दोनदा सफाई केली, वयामुळे होतं म्हणाले. मग पोटऱ्यांवर निळे डाग दिसू लागले, कुठे आपटल्याचं आठवत नव्हतं. नडगीवर माडाचं चुडत लागून झालेली जखम दोन महिने ओलीच. चालताना पाय भरून यायचे. मधुमेह नाही, रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांत थोडा अशक्तपणा सोडला तर काही नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरबाईंनी त्याला खुर्चीत नीट बसवून "काल दिवसभर काय खाल्लंत" असं विचारलं, पायावरचे केस भिंगातून पाहिले आणि क जीवनसत्त्वाची तपासणी करायला सांगितली. ०.२ च्या खाली, म्हणजे जवळजवळ नाहीच. स्कर्व्ही! शाळेत खलाशांचा रोग म्हणून पाठ केलेला.

माझे प्रश्न दोन. एक, रोज आंबट खाणाऱ्या माणसाला हे कसं झालं? सोलं, चिंच, बिंबलं, सगळं आंबटच ना? आणि दोन, शरीर या जीवनसत्त्वाचं नेमकं करतं काय, की ते नसलं तर जुनी जखमसुद्धा भरत नाही? गोळ्या सुरू केल्या आहेत. त्या जन्मभर घ्याव्या लागतील का?

साखळीकर
बापरे. काळजी घ्या ताई. मामांना आता कसं आहे?

कुळागरवाली
गोळी सुरू करून आठ दिवस झाले. हिरड्यांचं रक्त थांबलंय. तिसऱ्या दिवशीच म्हणाला, अंगात जरा जीव आल्यासारखा वाटतो.

रसायनमास्तर
पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण वर्गात दरवर्षी हाच गैरसमज खोडून काढावा लागतो. आंबटपणा म्हणजे क जीवनसत्त्व नव्हे. आंबट चव कुठल्याही आम्लाची असते. चिंचेत टार्टारिक आम्ल, बिंबलांत ऑक्झॅलिक, सोलांत हायड्रॉक्सिसिट्रिक, व्हिनेगरात असेटिक. क जीवनसत्त्व म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, ते वेगळं. जिभेला हा फरक कळत नाही.

त्यातून मामांची सोलं वाळवलेली, बिंबलं मिठात मुरवून उन्हात ठेवलेली. या जीवनसत्त्वाला हवा सोसत नाही, उष्णता सोसत नाही आणि ते पाण्यात विरघळून निघून जातं. वाळवण आणि लोणचं ही आपल्या पावसाळ्याची बेगमी खरी, पण त्यांत हे टिकत नाही. सोलकढी पोटाला चांगली, मी स्वतः रोज पितो, पण या कामाची नाही.

तुळशीच्या लग्नाला आपण वृंदावनात आवळ्याची आणि चिंचेची फांदी शेजारी-शेजारी खोवतो ना? दोन्ही आंबट. पण शंभर ग्रॅम आवळ्यात क जीवनसत्त्व अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास आणि तेवढ्याच चिंचेत जेमतेम तीन-चार. पेरू तर गोड, तरी त्यात दोनशेच्या वर. मुलांना मी हेच उदाहरण देतो.

वाळपईचो भुरगो
माफ करा, पण मला हे पटत नाही. आमचा आजा नव्वदीपर्यंत पेज आणि खारें खाऊन जगला. त्याला कोणी गोळी दिली नाही. आजकाल सगळ्यालाच रोगाचं नाव देतात.

फोंड्याची सून
भाऊ, आजोबांच्या पेजेबरोबर ताटात आणखी काय असायचं ते आईला विचारून बघा. आमच्या घरी पेज म्हणजे सोबत दाताखाली कच्चा कांदा, हिरवी मिरची, उन्हाळ्यात कैरीची फोड, पावसात टायकळ्याची नाहीतर मशिंगाच्या (शेवग्याच्या) पाल्याची भाजी, आणि येता-जाता परसातला पेरू. हे कोणी जेवणात मोजायचं नाही. मामांच्या ताटातून ती न मोजलेली बाजूच गेली, पेज तेवढी राहिली.

वाळपईचो भुरगो
आईला विचारलं. मशिंगाचा पाला दिवसाआड असायचा म्हणते. आजा पेरूच्या झाडाखालीच खाट टाकून बसायचा. माझं म्हणणं मागे घेतो.

औषधवाला_मडगाव
दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, जरा सविस्तर लिहितो.

आपल्या अंगात सर्वांत जास्त असलेलं प्रथिन म्हणजे कोलॅजन. कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्यांच्या भिंती, हाडांचा सांगाडा, दात धरून ठेवणारे तंतू, सगळं त्याचंच. त्याची रचना सुंभासारखी असते. काथ्याचं सुंभ वळताना पाहिलं असेल तर लगेच कळेल: तीन पदर एकमेकांभोवती घट्ट पिळलेले. तो पीळ टिकतो कशावर? पदरांत प्रोलीन आणि लायसीन नावाचे घटक असतात, त्यांवर जागोजाग ऑक्सिजन-हायड्रोजनची एक छोटी जोडी बसवावी लागते. ती बसवणाऱ्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) पोटात लोहाचा एक अणू असतो. काम करता करता ते लोह ऑक्सिडीकरण होऊन निकामी होतं. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आपला इलेक्ट्रॉन देऊन त्याला परत कामाचं करतं. ते नसलं की विकर बंद, जोड्या बसत नाहीत, अंगाच्या उष्णतेला पीळ सुटतो.

आता मामांची लक्षणं एकेक करून बघा. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत म्हणून निळे डाग. केसांच्या मुळांशी रक्ताचे ठिपके आणि केस स्क्रूसारखे वळलेले, त्या डॉक्टरबाईंनी भिंगातून तेच पाहिलं असणार. हिरड्या सुजून रक्त. जखम भरायला नवीन कोलॅजन लागतं, ते तयारच होत नाही. जुनी भरलेली जखमसुद्धा उघडते, कारण व्रणातलं कोलॅजन सतत थोडं मोडत आणि नव्याने घडत असतं. मोडणं चालू, घडणं बंद.

पाय भरून येणं, थकवा हे रक्त यायच्या आधीच सुरू होतं. चरबी जाळायला पेशींना कार्निटिन लागतं, ते बनवायलाही हेच जीवनसत्त्व. मेंदूत आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींत डोपामिन या रसायनाचं नॉरअ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक करायलाही हेच. म्हणून त्या ग्रंथींत त्याचा साठा भरपूर असतो. सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाने १९२८ साली ते पहिल्यांदा वेगळं काढलं त्यात अधिवृक्क ग्रंथीच होत्या. पुढे मुबलक मिळालं ते हंगेरीतल्या लाल मिरचीतून, आणि १९३७ चं नोबेलही मिळालं.

पर्वरीची पूर्वा
सुंभाची उपमा जन्मभर लक्षात राहील. दहावीला असं कोणी शिकवलं असतं तर!

कुळागरवाली
औषधवाला दादा, देव बरें करूं. मामाला फोनवर वाचून दाखवलं. तो स्वतः सुंभ वळायचा एकेकाळी. म्हणाला, "म्हणजे माझा पीळ सुटला होता." बऱ्याच दिवसांनी हसला.

काणकोणचा वाटसरू
खलाशांचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर करतो, आमच्या तालुक्याशी नातं आहे म्हणून.

अंजदीव बेट कारवारसमोर असलं तरी गोव्यात मोडतं. १४९८ च्या सप्टेंबरअखेर वास्को द गामा परतीच्या वाटेवर तिथे थांबला होता. जहाजांची डागडुजी केली, पाणी भरलं आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघाला. वारा उलटा. अरबी समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय सुजले, आणि ३० माणसं गेली. एकेका जहाजावर काम करण्याजोगे सात-आठच जण उरले. जानेवारी १४९९ मध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीला पोचल्यावर त्यांनी आजाऱ्यांसाठी आधी संत्री मागवली. पुढे माणसं पुरेनात म्हणून एक जहाज जाळून टाकावं लागलं.

तीन महिने हा आकडा लक्षात घ्या. जमिनीवरून निघताना अंगात जेवढी शिदोरी होती, ती तेवढीच पुरली.

आणि मला नेहमी भिडतं ते हे की त्याच पोर्तुगिजांच्या जहाजांतून नंतर अमेरिका खंडातली जी झाडं आपल्याकडे आली, काजू, पेरू, पपई, अननस, मिरची, ती सगळी क जीवनसत्त्वाने भरलेली. ज्या रोगाने त्यांची माणसं मेली त्याचं औषध त्यांनी आमच्या डोंगरांवर लावलं, आणि हे औषध आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सत्तरीचा बागायतदार
काजूचा विषय काढलात म्हणून. बोंडूत, म्हणजे बीला धरून असलेल्या रसाळ फळात, संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं. मार्च ते मे आमच्याकडे बी काढून घेतात आणि बोंडू दारू गाळायच्या भाटीवर. दर हंगामात भाटीभोवती त्यांचा ढीग कुजताना पाहून वाईट वाटतं. आम्ही लहानपणी बोंडू कापून मीठ लावून खायचो, बोंडूचा ताजा रस, नीरो, प्यायचो. आता मुलांना घशाला खवखवतं म्हणून नको असतो. मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, तुरटपणा पुष्कळ कमी होतो.

शिवोलीचो
नीऱ्यात आहे तर मग फेणीतही उतरत असेल ना? घरी सांगायला एक कारण मिळेल. 🙂

रसायनमास्तर
नाही हो. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल वाफेबरोबर वर जात नाही. भाटीत उकळताना जे काही उरेल ते भांड्याच्या तळाशीच राहतं. पहिल्या धारेच्या हुर्राकातही नाही, फेणीतही नाही. घरी दुसरं कारण शोधा.

म्हापशेकार
माझा प्रश्न वेगळा आहे. मी व्यायामशाळेत जातो, तिथे सगळे हजार मिलिग्रॅमची फसफसणारी गोळी रोज घेतात. सर्दी होत नाही म्हणे. मीही दोन वर्षं घेतोय. मामांना आठ दिवसांच्या गोळीने एवढा फरक पडत असेल तर मला हजाराने किती!

औषधवाला_मडगाव
शरीर या बाबतीत आपल्या मर्जीने चालतं. आतड्यातून ते आत घेणारे वाहक ठरावीक आहेत. दिवसाला दोनशे मिलिग्रॅमपर्यंत खाल्लं तर जवळजवळ सगळं आत जातं. हजारावर गेलात की निम्म्याहून कमी. जे आत गेलं त्याने रक्तातली पातळी एका टप्प्याला पोचली की पुढचं मूत्रपिंडं बाहेर टाकतात. रोज दोनशे खाणाऱ्याच्या आणि रोज हजार खाणाऱ्याच्या रक्तातला फरक फार थोडा असतो.

सर्दीबद्दल कोक्रेन या संस्थेचा, अनेक चाचण्या एकत्र तपासणारा मोठा आढावा आहे. रोज घेणाऱ्यांना सर्दी इतरांइतकीच होते. झाल्यावर तिचा मुक्काम मोठ्यांत सुमारे ८ टक्के आणि मुलांत १४ टक्के कमी होतो, म्हणजे आठवड्यातला अर्धा ते एक दिवस. सर्दी झाल्यावर सुरू केलं तर खात्रीचा उपयोग दिसत नाही. अपवाद एक: मॅरेथॉन धावणारे, कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक अशांमध्ये सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. तुम्ही त्यांतले असाल तर गोष्ट वेगळी.

म्हापशेकार
मी मॅरेथॉनवाला नाही. जास्त घेतलं तर निदान अपाय तरी नाही ना?

बांदोड्याचा_दिनू
आहे. मला विचारा. चार वर्षं रोज दोन गोळ्या घेतल्या, दर दिवशी दोन हजार. कमरेत कळ आली ती जमिनीवर लोळवणारी. ऑक्झॅलेटचा खडा निघाला. अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचा काही भाग शरीरात ऑक्झॅलेट होऊन लघवीवाटे जातो, हे मला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. पुरुषांत हा धोका जास्त दिसतो. माझ्या घराण्यात आधीच खडे होते, म्हणून सगळा दोष गोळीवर टाकणार नाही. पण दोन हजार ही वरची हद्द धरतात आणि मी रोज त्या हद्दीवरच उभा होतो, तेही कोणी सांगितलेलं नसताना.

औषधवाला_मडगाव
दिनूभाऊंच्या म्हणण्याला एक जोड देतो. थॅलसेमिया किंवा दुसऱ्या कारणाने अंगात लोह साठत असेल त्यांनी गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि शिरेतून मोठे डोस देण्याची जी टूम निघाली आहे, गोरं व्हायला वगैरे, ती ज्यांच्यात जी-सिक्स-पी-डी विकर कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी फोडू शकते. साखर मोजायचं घरगुती यंत्रही अशा डोसानंतर खोटं वाढलेलं वाचन दाखवू शकतं. अशा सुया सौंदर्यासाठी घेऊ नका, कळकळीने सांगतो.

केप्याची आई
लोहाचं नाव निघालं म्हणून लिहिते. माझ्या मुलीचं हिमोग्लोबिन नवावर आलं होतं. आम्ही शाकाहारी, तांबडी भाजी भरपूर व्हायची, तरी वाढेना. आहारतज्ज्ञ बाईंनी दोनच गोष्टी बदलल्या. भाजीवर जेवताना लिंबू पिळायचं, आणि जेवणानंतरचा चहा दोन तास पुढे ढकलायचा. भाज्यांतलं लोह ज्या रूपात असतं ते आतड्याला सहज घेता येत नाही, क जीवनसत्त्व त्याचं रूप बदलून ते विरघळलेलं ठेवतं, आणि चहा त्याला धरून अडवतो. औषधाची गोळीही होतीच, नुसत्या लिंबाने झालं म्हणत नाही. पण त्यानंतर आकडा वर सरकला. मासे-मटण खाणाऱ्यांना ही अडचण कमी, कारण त्यातलं लोह वेगळ्या वाटेने आत जातं.

कुळागरवाली ताई, मामांचा अशक्तपणा म्हणालात, त्यात हेही असू शकेल का? चहा-पाव, चहा-पाव.

कुळागरवाली
शक्य आहे ताई. दिवसाला पाच-सहा कप होतात. डॉक्टरांना पुढच्या खेपेला विचारते.

फोंड्याची सून
लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा, उकळत्या भाजीत नको. एका लिंबातून पंधरा-वीस मिलिग्रॅम मिळत असेल, ते तरी पदरात पडू दे. भाजी चिरून धुऊ नका, धुऊन चिरा. आणि तांब्या-पितळेच्या कल्हई उडालेल्या भांड्यात पालेभाजी ठेवू नका, तांब्याने हे जीवनसत्त्व फार लवकर जातं.

मामांना चावायला त्रास असेल तर मोड आलेल्या मुगाच्या मुगागाठी करून द्या. कोरड्या मुगात क जीवनसत्त्व नसल्यासारखंच, पण मोड आले की ते त्यात नव्याने तयार होतं. शिजवताना काही जाईल, म्हणून मूठभर मोड बाजूला काढून वाफवून, वर खोबरं आणि लिंबू.

काणकोणचा वाटसरू
कोरड्या कडधान्यावरून आठवलं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्यात, १९१५-१६ साली, ब्रिटिश फौजेतले आपल्याकडचे शिपाई स्कर्व्हीने आजारी पडले होते. गोरे सैनिक घोड्याचं मांस खात होते, ताज्या मांसात थोडं क जीवनसत्त्व असतं. आपल्या बहुतेकांनी धर्मापायी बरेच दिवस ते नाकारलं. जुनं पीठ आणि डाळ एवढ्यावर दिवस काढले.

पर्वरीची पूर्वा
माझ्या सात वर्षांच्या मुलाने एक विचारलंय: बकरी पेरू खात नाही, लिंबू खात नाही, मग बकरीच्या हिरड्यांतून रक्त का येत नाही?

रसायनमास्तर
त्याला शाबासकी द्या. बकरी ते स्वतःच्या यकृतात साखरेपासून बनवते, रोज काही ग्रॅम. बहुतेक सगळे सस्तन प्राणी बनवतात. त्या साखळीतल्या शेवटच्या पायरीचं विकर आपल्यात नाही. त्याचं जनुक आपल्या पेशींत अजून आहे, पण कोट्यवधी वर्षांपूर्वी बिघडलेलं. माकडांचंही तसंच, गिनीपिगचंही.

एक गंमत आणखी सांगा त्याला. बनवता येत नाही म्हणून आपलं शरीर काटकसर करतं. वापरून झालेलं जीवनसत्त्व तांबड्या पेशी आत ओढून घेतात, दुरुस्त करतात आणि परत वापरात आणतात.

साखळीकर
माकडालाही बनवता येत नाही? मग आमच्या पेरूच्या झाडावर दर सकाळी का तुटून पडतात ते आज कळलं. 😀

वाळपईचो भुरगो
मूळ प्रश्न राहिलाच. गोळी जन्मभर घ्यायची का?

औषधवाला_मडगाव
बरोबर, तो राहिला. भरलेल्या अंगात साठा असतो साधारण दीड ग्रॅम, अर्धा चमचासुद्धा नाही. खाणं पूर्ण थांबलं तर रोज त्यातला तीनेक टक्के खर्च होतो. तीनशे मिलिग्रॅमच्या खाली गेला की स्कर्व्हीची लक्षणं दिसू लागतात. हिशेब केला तर दोन-तीन महिने, अंजदीव ते मालिंदी. क्रँडन नावाच्या एका अमेरिकन सर्जनने १९३९ साली स्वतःवर प्रयोग केला होता. क जीवनसत्त्व नसलेलं जेवण घेत राहिला. तीन महिन्यांनी पाठीवर छेद घेतला तो भरला, सहा महिन्यांनी घेतला तो भरला नाही.

उलट बाजूही तितकीच सोपी. रोज दहा मिलिग्रॅमनेसुद्धा स्कर्व्ही टळतो. आपल्याकडची आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) रोजची शिफारस मिलिग्रॅममध्ये पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ६५, विडी-सिगारेट ओढणाऱ्याला थोडं जास्त. गोळी आत्ता रिकामी विहीर भरायला आहे. साधारण महिनाभर देतात, मामांचा नेमका काळ त्यांच्या डॉक्टर ठरवतील. विहीर भरली की अर्धा पेरू रोजच्याला पुरतो.

कुळागरवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. काल डिचोलीला जाऊन आले. जखमेवर नवी गुलाबी कातडी आली आहे. डॉक्टरांनी अजून तीन आठवडे गोळी सांगितली, मग बंद. चहाबद्दल विचारलं, त्या म्हणाल्या जेवणाच्या वेळी नकोच.

मला लागलेली गोष्ट अशी की मामी गेल्यापासून आम्ही सगळे त्याच्या रक्तदाबाची चौकशी करत होतो, गोळ्यांची करत होतो, पण ताटात काय आहे ते कोणी विचारलं नाही. आता शेजारची भागी रोज दुपारी एक पिकलेला पेरू बिया काढून, कुस्करून, वर मीठ घालून देते. हालणारा दात होता, तो बसायला लागलाय असं तो म्हणतो.

परवा माटोळीसाठी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची आरास) काय काय आणायचं त्याची यादी त्याने स्वतः लिहून दिली: तोरंज (लिंबाच्या कुळातलं मोठं फळ), आंबाडे, करमलां, पेरू, नारळाची पेंड. गेल्या वर्षी सुतकामुळे चवथ केली नव्हती. तोरंज आमच्याकडे मिळत नाहीये यंदा. कोणाच्या परसात आहे का?

सत्तरीचा बागायतदार
आमच्या कुळागरात दोन झाडं लगडली आहेत. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येतोय, पाच-सहा घेऊन येतो. एक माटोळीला टांगा, बाकीची मामांना सोलून द्या.